ताईंची एकच कमांड

ताईंच्या टेबलावर माऊस नव्हता. कंपनीनं दिलेला होता, पण तो त्यांनी वायरीनं भिंतीतल्या खिळ्याला टांगला होता आणि त्याच खिळ्याला त्यांची पर्स असायची. माझा पहिला दिवस होता. मला वाटलं, बिघडला असेल. दुसरा आणून देऊ का, असं मी विचारलं, तर ताई म्हणाल्या, "नको. मना खुणा करून मागायची सवय न्हाय. काय पायजे ते नाव घेऊन मागायचं."

आमचं ऑफिस भिवंडीजवळ, अंजूर गावाच्या अलीकडे, एका लांबलचक गोदामाच्या पोटमाळ्यावर होतं. खाली खोके, रॅक, ट्रक. वर आम्ही सातआठ जण. कुठला माल कुठल्या ट्रकनं आला, कुठल्या रॅकवर चढला, कुणी उतरवला, हे सांगणारा प्रोग्रॅम सांभाळायचं आमचं काम. ज्या जमिनीवर गोदाम उभं होतं, तिच्यातला एक तुकडा ताईंच्या माहेरचा होता. भावांनी जमीन दिली तेव्हा घरातल्या एकाला नोकरी, असं बोलणं झालेलं. भावांना गोदामात नोकरी करणं कमीपणाचं वाटलं, म्हणून ती बहिणीच्या वाट्याला आली. तेव्हा ताई पस्तिशीच्या होत्या. सासर कोन गावातलं, पण नवरा गेल्यावर त्या माहेरी येऊन राहिलेल्या. बारावी पास. त्यांना डेटा ऑपरेटर म्हणून बसवलं. मी लागलो तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि पद तेच होतं.

आमच्यातले काही जण त्यांच्या मागे "जमिनीबरोबर आलेल्या" म्हणायचे. मीही म्हणालो असेन. पण काही अडलं की सगळे त्यांच्याच खुर्चीमागे जाऊन उभे राहायचे.

त्याचं कारण हैदराबादचा एक इंजिनियर. प्रोग्रॅम पहिल्यांदा त्यानं बसवला. काम संपवून तो परत गेला आणि पुढची दोन वर्षं तिकडून फोन करून दुरुस्त्या करायचा. अमुक शब्द कुठल्या फायलीत आहे, कितव्या ओळीत आहे, ते वाचून दाखवणारं कुणीतरी त्याला इथं हवं होतं. ताईंचं इंग्रजी अक्षर न अक्षर वाचण्याइतकं पक्कं होतं. त्यानं त्यांना सर्व्हरवर जायचा पासवर्ड दिला आणि एक कमांड शिकवली. पुढे तो नोकरी सोडून गेला, फोन यायचे थांबले. पासवर्ड बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

ती कमांड म्हणजे ग्रेप. ताई "गिरप" म्हणायच्या. काळ्या खिडकीत ती टाईप करायची, पुढे एक आडवी रेघ, आर आणि एन, मग अवतरणात शब्द, आणि शेवटी एक टिंब. आर लिहिलं की यंत्र तुम्ही उभे असाल त्या फोल्डरमध्ये शोधतं, त्याच्या पोटातल्या फोल्डरमध्ये शोधतं, त्यांच्याही पोटात, असं तळ लागेपर्यंत. जिथं शब्द सापडेल ती ओळ फायलीच्या नावासकट समोर आणून ठेवतं, आणि एनमुळे ती कितवी ओळ तेही सांगतं. आमच्या प्रोग्रॅममध्ये हजारो फायली होत्या. दहाबारा वर्षांत कितीतरी जणांनी लिहिलेल्या, आणि लिहिणारे बहुतेक सोडून गेलेले. टिंबाचा अर्थ ताई नव्या पोरांना हमखास विचारायच्या. कुणी सांगायचं, करंट डिरेक्टरी. ताई मान हलवायच्या. "टिंब म्हणजे मी उभी हाय ती जागा, आणि तिच्या खालचं सगळं."

त्यांना प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता. एक ओळसुद्धा नाही. त्यांना फक्त शोधता यायचं.

एकदा आवक मालाचा रिपोर्ट जुळेना. तीन इंजिनियर दोन दिवस डोकं धरून बसले. ताईंनी 'रिसीव्ड' हा शब्द वेगवेगळ्या स्पेलिंगनं शोधला आणि आम्हाला बोलावून दाखवलं. सुरुवातीच्या कुणीतरी या शब्दाचं स्पेलिंग चुकवलं होतं, आणि त्याच्यामागून आलेल्या प्रत्येकानं ते तसंच चुकवत नेलं होतं. चाळीसेक ठिकाणी चुकीचं, तीन ठिकाणी बरोबर. आम्ही चाळीस ठिकाणं सुधारायला निघालो तर ताई म्हणाल्या, "त्यांना हात लावू नका. ते सगळे एकमेकांना ओळखतात. तिघं नवीन आलेत, त्यांना कोण ओळखत न्हाय." आम्ही तीन ठिकाणचं बरोबर स्पेलिंग चुकीचं केलं. रिपोर्ट जुळला.

शब्द टाईप करण्याआधी त्या तो मोठ्यानं उच्चारायच्या, देवापुढे नाव घ्यावं तसा. टेबलावर दोन चष्मे असायचे, एक टाईप करायचा, एक वाचायचा. एंटर मारण्याआधी चष्मा बदलायच्या. आणि एखादी हरवलेली गोष्ट शोधण्याआधी हटकून अशी एक गोष्ट शोधायच्या, जी तिथं आहे हे त्यांना ठाऊक असायचं. मला त्याची गंमत वाटायची. मी एकदा कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "यंत्र ऐकतंय का ते आधी बघायचं. ते ऐकतंय आणि तरी न्हाय बोलतंय, तर मंग आपून चुकीच्या जागी उभं हाव. एक पायरी वर जायचं, परत हाक मारायची."

'बहुतेक' हा शब्द त्यांना चालायचा नाही. बहुतेक त्या फायलीत असेल, असं कुणी म्हटलं की त्या हातातलं काम थांबवून त्याच्याकडे नुसत्या बघत राहायच्या, तो उठून जाईपर्यंत. बाकी बोलणं कमी. साडेबाराला डबा घेऊन खाली गेटवर जायच्या आणि वॉचमनच्या खोलीत बसून जेवायच्या. डब्यात सुकट असली की पोटमाळ्यावर आम्हाला वास यायचा. गेटवरून आत येणाऱ्या सगळ्या बायका, पॅकिंगवाल्या, झाडूवाल्या, त्यांना नावानं माहीत होत्या.

मी भिवंडीतच वाढलो. अब्बांचे बारा लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. मी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना ते भंगारात गेले. त्यामुळे ही नोकरी लागली तेव्हा घरात ती माझ्या एकट्याची नव्हती. हे मी सांगतोय ते पुढे जे सांगायचं आहे त्याची ढाल म्हणून नाही. पण तेव्हा माझ्या मनात हेच होतं, हे खरं आहे.

नोकरीचं दुसरं वर्ष. मे महिना. गोदामाचं छत पत्र्याचं, आणि पॅकिंगच्या बाजूचे पंखे आठवडाभर बंद होते. एक पॅकिंगवाली चक्कर येऊन पडली. पाच बायकांनी हातातलं काम ठेवलं आणि गेटजवळच्या सावलीत जाऊन बसल्या. घोषणा नाही, काही नाही. पंखे चालू करा, मग येतो, एवढंच म्हणाल्या. तासाभरात पंखे चालू झाले आणि त्या कामाला गेल्या. दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या मॅनेजरनं मला जिन्यात थांबवलं. या पाच जणींसाठी काही दिवस गेट उघडायला नको, म्हणाला. लेखी काही करायचं नाही, या बायका ज्याच्यामार्फत लागल्या त्या ठेकेदारालाही सांगायचं नाही. थोडं थंड होऊ दे, मग बघू.

गेटवर बोट लावायचं यंत्र होतं. बोट लावलं की ते माणसाचा नंबर ओळखायचं, नंबर आमच्या प्रोग्रॅमकडे यायचा आणि दार उघडायचं. मी गेटच्या फोल्डरमध्ये, जुन्या निरुपयोगी फायलींच्या ढिगात, खोल एका ठिकाणी एक साधी फाईल केली. तिच्यात पाच ओळींत पाच नंबर लिहिले. प्रत्येक नंबरापुढे, माझ्याच मनाच्या समाधानासाठी, इंग्रजी अक्षरांत लिहिलं, तात्पुरतं. या फायलीतला नंबर आला की पडद्यावर 'नोंद सापडली नाही' असं दाखवायचं, एवढी एक ओळ प्रोग्रॅममध्ये घातली. वीस मिनिटांचं काम.

त्या बायका आठेक दिवस येत राहिल्या. रोज बोट लावायच्या, रोज नोंद सापडायची नाही. ठेकेदार सांगायचा, कंपनीच्या कंप्युटरचा प्रश्न आहे. कंपनी सांगायची, ठेकेदाराला विचारा. मग त्या यायच्या बंद झाल्या. तीन महिन्यांनी त्या मॅनेजरची दुसऱ्या शहरात बदली झाली. ती फाईल काढून टाकायला तेव्हा मला कुणीच अडवलं नसतं. मी काढली नाही. आधी भीती होती. नंतर भीती गेली, पण त्या फोल्डरकडे जायचं म्हणजे आपण काय केलं ते पुन्हा बघायचं, म्हणून जात नव्हतो. मग खरंच विसरलो. विसरता येतं.

दोन वर्षांनी त्या पाच जणींतली सुगंधा दुसऱ्या ठेकेदारातर्फे पुन्हा आमच्याच गोदामात लागली. आधार कार्ड तेच, त्यामुळे प्रोग्रॅमनं तिला तिचा जुनाच नंबर दिला. गेटवर बोट लावलं, नोंद सापडली नाही. पुन्हा नोंदणी केली, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती अंजूरला ताईंच्या ओटीवर जाऊन बसली. तिनं ताईंना विचारलं ते ताईंनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात आम्हाला जसंच्या तसं सांगितलं, "मना मेलेली दाखवतंय का तुमचा कंप्युटर?"

ताईंनी आधी रेकॉर्ड उघडलं. सुगंधा तिथं होती. नाव, पत्ता, फोटो, बोटांचे ठसे, सगळं ठीक. मग गेट तिला नाही का म्हणतंय? कुणी म्हणालं, यंत्र खराब असेल. ताईंनी चष्मा बदलला आणि काळी खिडकी उघडली.

माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती. दुपारचे तीन वाजले असतील. नंबर ऐकला आणि मला सगळं आठवलं. मला तेव्हा बोलता आलं असतं. मी बोललो, पण काय बोललो ते सांगतो. मी म्हटलं, "ताई, फक्त प्रोग्रॅमच्या फायलींमध्ये शोधा. बाकीच्या गाळल्या तर लवकर होईल." माझी फाईल साधी मजकुराची होती. गाळणी लावली असती तर ती बाहेर राहिली असती.

त्या पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "मी गाळत न्हाय, बाबू."

नेहमीप्रमाणे आधी एक ओळखीचा शब्द शोधला. यंत्रानं उत्तर दिलं. मग सुगंधाचा नंबर एकेक आकडा उच्चारून टाईप केला आणि एंटर मारलं. खिडकीत काहीच आलं नाही. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. त्या मुख्य प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये उभ्या होत्या, गेटचा फोल्डर त्याच्या शेजारी होता, बाहेर. मी म्हणालो, "नसेल बहुतेक."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एरवी बघायच्या तसंच. मी उठून गेलो नाही. मग त्या एक पायरी वर गेल्या आणि पुन्हा तोच नंबर टाईप केला.

या वेळी यंत्राला वेळ लागला. दहा-पंधरा सेकंद असतील. मग एकच ओळ आली. फाईलचा लांबलचक पत्ता, ओळ क्रमांक तीन, सुगंधाचा नंबर, आणि पुढे इंग्रजी अक्षरांत तात्पुरतं.

ताईंनी ती फाईल उघडली. पाच नंबर, पाच वेळा तात्पुरतं. ऑफिसात बाकी सगळे प्रोग्रॅममधल्या टिपा इंग्रजीत लिहायचे. मराठीत लिहिणारा मी एकटाच होतो आणि त्याबद्दल ताईंनी मला एकदा शाबासकी दिली होती, तुझं लिहिलेलं वाचता येतं म्हणून. त्यामुळे कुणी लिहिलं हे त्यांनी विचारलं नाही. मग अगदी हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं, त्यांनी विचारलं, "तात्पुरतं म्हणजे किती दिवस, बाबू?"

मी फाईल उडवायला हात पुढे केला तर त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला. "आधी छापायचं. मंग काढायचं." त्यांनी त्या पानाची छपाई काढली. मग माझ्याकडून उरलेले चार नंबर वाचून घेतले, रेकॉर्डमधून नावं आणि पत्ते काढले, आणि एका कागदावर स्वतःच्या अक्षरात उतरवले. त्यानंतर मी फाईल काढली, प्रोग्रॅममधली ओळ काढली. खाली गेटवर सुगंधा वाट बघत बसली होती. तिनं बोट लावलं, दार उघडलं. ती आत गेली नाही. वळून घरी निघून गेली.

ताईंनी नव्या मॅनेजरला द्यायला एक पानी अर्ज लिहिला. कुठल्या फायलीत काय सापडलं, किती ओळी, कुणाचे नंबर, कधीपासून. एक जागा त्यांनी मोकळी सोडली होती. कुणी लिहिलं, ती. मला अर्ज दाखवून म्हणाल्या, "मी जे शोधलं ते मी लिवलंय. हे मना कंप्युटरात सापडलं न्हाय. तू भर." मी दोन दिवस तो कागद बॅगेत घेऊन फिरलो. अब्बांना सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही.

शनिवारी ताईंनी मला उद्या अंजूरला ये म्हणून सांगितलं. त्या पाच घरांत जायचं होतं. कशाला, हे मी विचारलं नाही.

पहिलं घर सुगंधाचं. घरापुढे दोन खाटा, मागे नव्या गोदामाची भिंत. ताई पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, सांग. मी सांगितलं. तुमची नोंद गेली नव्हती, मी तुमचा नंबर एका यादीत टाकला होता, पंख्यांसाठी बसलात म्हणून, मला तसं सांगितलं होतं आणि मी ते केलं. मला वाटलं, ती शिव्या देईल. तिनं एवढंच विचारलं, "मंग मी काय चोरलं न्हवतं ना?"

मला कळेना. ताईंनीच मग समजावलं. गोदामाच्या गेटवरून जिला परत पाठवतात, तिनं काहीतरी उचललेलं असणार, असं गावात धरून चालतात. काढलं म्हणून सांगितलं असतं तर भांडण म्हणून खपलं असतं. पण नावच नाही म्हणतात, म्हणजे काहीतरी मोठं असणार. सुगंधाच्या नवऱ्यानं तिला देवीपुढे हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. तिनं घेतली. तरी शेजारणीनं हळदीला बोलावलं नाही.

सुगंधा आत गेली आणि नवऱ्याला उठवून घेऊन आली. त्याच्यासमोर मला म्हणाली, "आता परत बोला." मी परत बोललो. तो खाली बघत ऐकत राहिला. मग ती शेजारच्या दारात गेली, तिथल्या बाईला हाताला धरून घेऊन आली, आणि मला म्हणाली, "परत." मी तिसऱ्यांदा बोललो. ताई पायरीवर बसून होत्या. त्यांनी मला एका शब्दाची मदत केली नाही. तिसऱ्यांदा बोलून झालं तेव्हा सुगंधा खाटेवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. शेजारीण तिच्या जवळ जाऊन बसली. आम्ही निघालो तेव्हा कुणाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.

दुसरी बाई अंजूरचीच. तिनं दार अर्धं उघडलं, ऐकलं आणि लावून घेतलं. तिसरी कोनला राहायची, ती लग्न होऊन मुंब्र्याला गेलेल्या पोरीकडे होती, तिच्या मुलाला सांगून आलो. चौथी भिवंडीत, जुबैदा. तिनं आम्हाला सरबत दिलं. आता ती घरीच शिवणकाम करत होती, पैसे बरे मिळत होते. हसत म्हणाली, जाने दो, बेटा, जो हुआ अच्छा हुआ. मी पेला अर्धा ठेवून उठलो.

पाचवी फुलमती. लूमवाल्यांच्या एका चाळीत खोली होती. तिथं दुसरे लोक राहत होते. नवऱ्याचा लूम बंद पडला तेव्हा ते मुलुखाला गेले, एवढंच शेजारी सांगू शकले. मुलूख म्हणजे कुठला जिल्हा, ते कुणाला ठाऊक नव्हतं. रेकॉर्डमधला फोन नंबर बंद. ताईंनी कागदावरच्या चार नावांपुढे काही केलं नाही, पाचव्याखाली रेघ ओढली आणि कागद पर्समध्ये ठेवला.

सोमवारी मी त्या मोकळ्या जागेत माझं नाव लिहिलं आणि अर्ज स्वतः नेऊन दिला.

पुढे जे झालं ते असं. कंपनीनं विषय वाढू दिला नाही. पाचही जणींना पुन्हा घेऊ म्हणाले. सुगंधा आणि कोनची बाई आल्या. मला एक ताकीदपत्र मिळालं. गेटचा प्रोग्रॅम माझ्याशिवाय कुणाला नीट येत नव्हता, म्हणून मला ठेवलं. ताईंचा सर्व्हरचा पासवर्ड त्याच आठवड्यात बंद झाला. डेटा ऑपरेटरला त्याची गरज काय, असं विचारलं गेलं. त्यांचं टेबल खाली आवक विभागात गेलं. लिहिणारा वर राहिला आणि शोधणारी खाली गेली. मी नव्या मॅनेजरकडे दोनदा बोललो. तिसऱ्यांदा बोलायचं धाडस झालं नाही. ताईंनी स्वतः तक्रार केली नाही. सात महिने खाली बसून त्यांनी ट्रकचे नंबर टाईप केले आणि मग नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "तुझ्यावर राग हाय माझा. पण तू आलास सोबत, तेबी मी बघितलं." या दोन वाक्यांपैकी एक पुसावं असं मला कधी वाटलं नाही.

त्यांना किडनीचा आजार होता. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावं लागायचं. त्या गेल्या त्याला आता दीड वर्ष होईल. दहाव्याला खाडीवर गेलो होतो. पॅकिंगच्या बायका सुट्टी टाकून आल्या होत्या. सुगंधा पुढे होती.

पण त्यांचं शेवटचं शोधणं मला सांगायचं आहे. शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात. नोकरी सोडल्यावर ताई शुक्रवारी, तब्येत धड असेल तेव्हा, अंजूरहून रिक्षानं भिवंडीला यायच्या आणि फुलमतीच्या चाळीपासून सुरुवात करून एकेका गल्लीत विचारत जायच्या. सुट्टीचे लूमवाले दारात बसलेले असायचे. फुलमती, नवरा लूमवर होता, गोदामात पॅकिंगला जायची, कुणी ओळखतं का? मी मधून मधून सोबत जायचो. एक चाळ झाली की शेजारची, एक गल्ली झाली की पुढची, कुठलं दार सोडायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, या इमारतीत सगळे दक्षिणेकडचे लोक आहेत, इथं नसणार. त्यांनी तिथंही विचारलं. असं वर्षभर चाललं. शेवटी एका चहावाल्यानं सांगितलं की त्याच्याकडे भांडी घासणारा माणूस फुलमतीच्या दिराच्या गावचा आहे. त्याच्याकडून दिराचा नंबर मिळाला.

ताई तेव्हा फारशा उठत नव्हत्या. मी अंजूरला त्यांच्या ओटीवर बसलो होतो. नंबर त्यांनीच लावला आणि फोन माझ्या हातात दिला. दिरानं वहिनीला बोलावलं. मी हिंदीत सगळं सांगितलं, जसं सुगंधाला तीनदा सांगितलं होतं. गलती से नहीं हुआ था, मैंने किया था, असंही सांगितलं. मग ती म्हणाली, "हम तो समझे, हमारी उँगली घिस गई है।"

ती शांतपणे सांगत राहिली. खोके उचलून, चिकटपट्टी ओढून बोटं गेली, असं तिला वाटलं होतं. म्हणून मशीन ओळखत नाही. गावी गेल्यावर रेशनच्या दुकानात बोट लावायचं मशीन आलं, तर ती गेलीच नाही. चार माणसांत पुन्हा नोंद नाही म्हणेल, लाज जाईल. तेव्हापासून सून रेशन आणते. बँकेत खातं आहे, तिथंही बोट लावायला लागतं म्हणून गेली नाही.

ताईंनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांची हिंदी कामापुरती होती. "फुलमती, तेरी उँगली अच्छी हाय. मैं देखी हाय, कंप्युटर में हाय. कल दुकान पे जाके लगा. मेरेको फोन करके लगा."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून ताईंकडे गेलो. अकराच्या सुमाराला फोन आला. दुकानात गर्दी असावी, बायकांचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी हिंदीत नाव विचारलं. मग यंत्राचा एक बारीक आवाज झाला. ताई फोन कानाला लावून, डोळे मिटून बसल्या होत्या.

"लग गई," फुलमती म्हणाली. "लग गई, मॅडम।"

ताईंनी फोन ठेवला नाही. पलीकडे दुकानदार तिच्या पिशवीत गहू ओतत होता. तो आवाज थांबेपर्यंत त्या ऐकत राहिल्या.